परिच्छेद कोणत्या वाटेने जाणार, हे विषयवाक्य आधीच सांगतं

कोयनेच्या भूकंपावर लिहायचं ठरवलं, तर एखाद्या परिच्छेदाची सुरुवात किती वेगवेगळ्या प्रकारे करता येईल ते पाहा.

‘शिवसागर जलाशयात १९६२पासून पाणी साठू लागलं आणि पुढच्या पाच वर्षांत शांत मानलं गेलेलं कोयनेचं खोरं अस्वस्थ होत गेलं.’

‘११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनानगर हादरलं त्याला धरणातलं पाणी कारणीभूत होतं, असं बहुतेक भूकंपशास्त्रज्ञ मानतात.’

‘कोयना आणि किल्लारी या दोन भूकंपांची ताकद जवळपास सारखी होती, पण जीवितहानीत मात्र फार मोठं अंतर पडलं.’

‘भूकंपानंतर अभियंत्यांपुढे मोठा पेच होता: तडे गेलेलं धरण सुरक्षित कसं करायचं?’

चारही वाक्यांचा विषय कोयनाच आहे. तरी पुढचे चार परिच्छेद चार वेगळ्या रीतींनी लिहावे लागतील. पहिल्यात वर्षं एकामागून एक येतील. दुसऱ्यात पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध उलगडावा लागेल. तिसऱ्यात दोन बाजू समोरासमोर मांडाव्या लागतील, तर चौथ्यात काय उपाय केले ते सांगावं लागेल. विशेष म्हणजे पुढचं अक्षरही न वाचता हे आपल्याला कळलं. ज्या वाक्यावरून ते कळलं त्याला विषयवाक्य म्हणतात.

शाळेत आपण विषयवाक्याची अर्धीच ओळख करून घेतो. ‘उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना सांगा’ हा प्रश्न लहानपणापासून ओळखीचा, त्यामुळे विषयवाक्य म्हणजे परिच्छेद कशाबद्दल आहे ते सांगणारं वाक्य, एवढं डोक्यात पक्कं बसतं. ते खरंच आहे. पण तेच वाक्य आणखी एक काम करत असतं. एसटीच्या पाटीवर शेवटच्या गावाचं नाव असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘मार्गे’ही लिहिलेलं असतं. चिपळूणची गाडी पाटण, कोयनानगरवरून जाणार आहे हे त्या ‘मार्गे’वरून समजतं. विषयवाक्यातही असा ‘मार्गे’ असतो. लेखक मजकूर कोणत्या क्रमाने, कोणत्या नात्याने जोडणार आहे, हे तो सांगतो. यालाच परिच्छेदाची रचना म्हणायचं. ही रचना ओळखता येणं हा वाचनातला फार मोलाचा आणि फार कमी शिकवला जाणारा भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

ओळखायची कशी? विषयवाक्य वाचून झाल्यावर आपल्या मनात कोणता प्रश्न उभा राहिला ते बघायचं. ‘अस्वस्थ होत गेलं’ असं वाचलं की ‘म्हणजे आधी काय झालं, मग काय झालं?’ असं वाटतं. तो काळक्रम. ‘कारणीभूत होतं’ वाचलं की ‘ते कसं काय?’ असं विचारावंसं वाटतं. ते कार्यकारण. ‘फार मोठं अंतर पडलं’ म्हटलं की ‘किती? आणि कशामुळे?’ हे प्रश्न येतात, म्हणजे तुलना. ‘कसं करायचं?’ हा प्रश्न तर लेखकाने स्वतःच विचारलाय. तिथे समस्या आणि उपाय अशी मांडणी येणार. रचनांची नावं पाठ नसली तरी चालतं. प्रश्न ऐकू आला पाहिजे.

हा प्रश्न नेमका कोणते शब्द जागा करतात? सगळ्यांत बोलकं असतं ते नाम. टप्पे, कारणं, परिणाम, प्रकार, फरक, अडचणी, उपाय, वैशिष्ट्यं, बाजू, मतप्रवाह, यांतला एखादा शब्द विषयवाक्यात दिसला की निम्मं काम झालं. त्याच्या आधी आकडा असेल तर आणखी सोपं. ‘महाराष्ट्रातल्या किल्ल्यांचे जागेनुसार तीन ठळक प्रकार पडतात’ असं वाचलं की आपण मनातल्या मनात तीन खण आखतो: डोंगरी किल्ला, जलदुर्ग आणि भुईकोट. रायगड, सिंधुदुर्ग, सोलापूरचा किल्ला ही नावं पुढे आली की ती आपोआप आपापल्या खणात पडतात. दोनच प्रकार सांगून परिच्छेद संपला, तर काहीतरी निसटलं हेही कळतं. मग मागे जाऊन तिसरा शोधायचा. पुष्कळदा तो दुसऱ्या प्रकाराच्या वाक्याच्या शेपटीला लागलेला सापडतो.

नामाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, क्रियापदाकडे फारसं जात नाही. मराठीत तर क्रियापदाकडे जास्तच लक्ष द्यायला हवं, कारण ते वाक्याच्या शेवटी येतं आणि सगळा रोख फिरवू शकतं. हे वाक्य बघा: ‘कोयनेचं धरण, त्यामागचा जलाशय, त्यावर चालणारी वीजकेंद्रं आणि काठावरची गावं यांचं एकमेकांशी असलेलं नातं १९६७नंतर बदलत गेलं.’ निम्म्या वाक्यापर्यंत आपल्याला वाटतं की आता धरण, जलाशय, वीजकेंद्रं, गावं अशी एकेकाची माहिती येणार. शेवटचे दोन शब्द सांगतात की येणार आहे ती कालांतराने झालेल्या बदलाची हकिगत. घाईने वाचणारा इथे फसतो. म्हणून विषयवाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचं आणि तिथे क्षणभर थांबायचं.

‘बदलत गेलं’, ‘वाढत गेली’, ‘होऊ लागले’, ‘पुढे पुढे कमी होत आलं’ ही रूपं काळाच्या ओघात उलगडणाऱ्या गोष्टीची असतात. ‘ठरलं’, ‘भोवलं’, ‘घडवून आणलं’, ‘मुळाशी होतं’ यांच्यामागे कार्यकारण असतं. ‘म्हणजे’, ‘म्हणतात’, ‘अशी व्याख्या करता येईल’ हे व्याख्येचे शब्द. त्यांच्यापाठोपाठ बहुधा उदाहरण येतंच, त्यात फार शोधावं लागत नाही.

काळवाचक रूपही खूप काही सांगतं. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळावरचं हे वाक्य घ्या: ‘गुऱ्हाळात उसाची ढेप होईपर्यंत बऱ्याच हातांची कामं ठरलेल्या क्रमाने चालतात.’ पुढे येतं ते असं: चरकात ऊस गाळतात, रस काहिलीत सोडतात, चुलवाणाला चिपाडं घालून जाळ लावतात, रस उकळला की वर येणारी मळी काढून टाकतात, पाक आटला की गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात टाकून गोळी जमते का पाहतो, मग काहील वाफ्यात उलटतात, शेवटी गूळ साच्यात भरून ढेप तयार करतात. सगळी क्रियापदं ‘गाळतात, सोडतात, लावतात’ अशी नेहमीच्या वर्तमानातली आहेत. हे एकदा घडून गेलेलं नाही, रोज घडणारं आहे. म्हणजे ही प्रक्रिया. त्याच जागी ‘गाळला, सोडला, लावला’ असतं, तर ती एखाद्या दिवसाची हकिगत झाली असती. क्रम दोन्हीकडे आहे, पण प्रक्रियेत पायऱ्या लक्षात ठेवायच्या असतात आणि हकिगतीत घटना. आता त्याच गुऱ्हाळावर ‘गूळ चांगला उतरणं हे गुळव्याच्या नजरेवर अवलंबून असतं’ असं विषयवाक्य लिहिलं, तर चरक आणि चिपाडं मागे पडतील आणि सगळा परिच्छेद त्या गोळीपाशी येऊन थांबेल. पाक कमी आटला तर काय होतं, जास्त आटला तर काय होतं, हे तिथे वाचायला मिळेल. माहिती तीच, पण कुठला तपशील महत्त्वाचा हे विषयवाक्याने ठरवलं.

काळक्रम आणि कार्यकारण या दोन रचनांची गल्लत सगळ्यांत जास्त होते, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. पुन्हा कोयना घेऊ. एका लेखकाने लिहिलं: ‘१९६२मध्ये जलाशय भरायला सुरुवात झाली. त्यानंतर परिसरात लहान लहान धक्के जाणवू लागले. सप्टेंबर १९६७मध्ये एक मोठा धक्का बसला आणि ११ डिसेंबरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला.’ हा स्वच्छ काळक्रम आहे. पाण्यामुळे भूकंप झाला असं लेखकाने कुठेही म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याच्या मनात तो निष्कर्ष केव्हाच तयार होतो. ‘त्यानंतर’ हा शब्द नकळत ‘त्यामुळे’ म्हणून वाचला जातो. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असं होत नाही. तसा दावा करायचा, तर मधला दुवा दाखवावा लागतो.

‘धरणातलं पाणी कारणीभूत होतं’ या विषयवाक्याने तो दुवा दाखवायची जबाबदारी घेतलेली आहे. मग परिच्छेद असा जायला हवा: पाण्याच्या प्रचंड साठ्याचं वजन खालच्या खडकावर पडतं, पण नुसत्या वजनाने सगळं स्पष्ट होत नाही. खडकातल्या भेगांमधून पाणी खोलवर झिरपतं. तिथे त्याचा दाब वाढतो आणि भ्रंशाच्या, म्हणजे खडकातल्या खोल भेगेच्या, दोन्ही बाजूंना एकमेकींशी धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. तो खडक आधीपासूनच ताणाखाली असतो. पकड सैल झाल्यावर तो सरकतो. या परिच्छेदात एकही तारीख नाही आणि तिची गरजही नाही. विषयवाक्यात ‘कारणीभूत’ आणि पुढे फक्त तारखांची रांग, असं कुठे आढळलं तर समजावं की लेखकाने शब्द पाळलेला नाही. अशा वेळी त्याचा दावा पुराव्याशिवाय आहे, अशी नोंद मनात करून ठेवायची. परिच्छेदाची रचना ओळखायची ती उत्तरं लिहिण्यापुरती नाही. कुणी आपल्या गळ्यात काय मारतंय हे कळण्यासाठीही ती ओळखता आली पाहिजे.

तुलनेच्या परिच्छेदात वेगळी काळजी घ्यावी लागते. ‘ताकद जवळपास सारखी होती, पण जीवितहानीत मात्र फार मोठं अंतर पडलं’ या वाक्यात दोन्ही गोष्टी आहेत, साम्य आणि फरक. त्यातलं साम्य एका ओळीत आटोपणार आणि फरकावर भर येणार, हे ‘पण’ सांगतो. पुढे वाचल्यावर तसंच दिसतं. कोयनेत सुमारे १८० माणसं गेली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली. दोन्ही वेळा लोक झोपेत होते. किल्लारीच्या परिसरात वस्ती दाट होती आणि घरं दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीच्या जड माळवदाची होती. भिंती सुटल्या आणि माळवदं झोपलेल्यांवर कोसळली. हे वाचताना मनात दोन रकाने आखलेले असले की ‘वस्ती दाट होती’ म्हटल्याबरोबर ‘मग कोयनेकडे?’ असा प्रश्न येतो. लेखकाने दुसरा रकाना रिकामा ठेवला असेल, तर तेही जाणवतं.

मराठी लेखनात ‘पण’ आणि ‘मात्र’ यांच्यावर बारीक नजर ठेवायला हवी. आपल्याकडे आधी प्रचलित समजूत मांडून मग ती खोडायची पद्धत फार रूढ आहे. ‘दख्खनच्या पठारावर लाव्हाचेच थर आहेत, त्यामुळे लोणारचं विवर ज्वालामुखीचं असावं असं बराच काळ मानलं जात होतं. मात्र तिथल्या खडकांनी वेगळीच साक्ष दिली.’ इथे पहिलं वाक्य विषयवाक्य नाही. ते फक्त खोडण्यासाठी मांडलंय. विषयवाक्य दुसरं आहे आणि ते पुराव्याच्या मांडणीचा शब्द देतं. पुढे मॅस्केलिनाइट या काचेसारख्या पदार्थाचा उल्लेख येईल. खडकाला प्रचंड आघात बसल्यावरच तो तयार होतो, म्हणून तो उल्कापाताकडे बोट दाखवतो. पहिल्यालाच विषयवाक्य समजून बसलेला विद्यार्थी ‘लेखकाच्या मते लोणार कसं झालं?’ या प्रश्नाला ‘ज्वालामुखीमुळे’ असं उत्तर लिहून येतो. प्रश्न काढणाऱ्यांना ही जागा चांगली ठाऊक असते. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरात दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यात उताऱ्यांचा वाटा मोठा असतो. तिथे प्रत्येक उतारा दोन-दोनदा वाचायला वेळ कुणाला असतो? ‘मात्र’च्या आधीचं कोणाचं आणि नंतरचं कोणाचं, हे पहिल्याच वाचनात कळायला लागतं.

वरच्या उदाहरणांत विषयवाक्य बहुतेक वेळा परिच्छेदाच्या तोंडाशीच होतं. ते तिथेच असावं हा नियम जुना आहे. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर बेन यांनी १८६६मध्ये इंग्रजी लेखनावरच्या पाठ्यपुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले, त्यात सुरुवातीच्या वाक्याने विषय सांगावा अशी अपेक्षा होती. पुढे शंभर वर्षं शिक्षक तेच शिकवत आले. १९७४मध्ये रिचर्ड ब्रॅडक यांनी अमेरिकी मासिकांतल्या नामवंत लेखकांचे पंचवीस लेख तपासले, तेव्हा विषयवाक्याने सुरू होणारे परिच्छेद शंभरात जेमतेम तेरा निघाले. म्हणून शाळेतला नियम मोडीत काढावा असं नाही. शिकणाऱ्याने लिहिताना पहिल्या वाक्यात विषय सांगणं चांगलंच. पण वाचताना प्रत्येक पहिल्या वाक्याला विषयवाक्याचा मान द्यायचा नाही.

मराठी अग्रलेखात तर हे रोज दिसतं. परिच्छेद एखाद्या घटनेने उघडतो, मग आकडे येतात, एक-दोन टोमणे येतात, आणि शेवटच्या ओळीत ‘म्हणूनच’, ‘थोडक्यात’ किंवा ‘यावरून एवढंच दिसतं’ असं म्हणून मुद्दा बाहेर पडतो. तिथे विषयवाक्य तळाला असतं. असा परिच्छेद वाचताना रचना उलटी हेरावी लागते: आधी पुरावे गोळा होताहेत, निष्कर्ष यायचाय, एवढं समजून पुढे जायचं. दोन-तीन वाक्यं झाली तरी कुठलाच प्रश्न मनात उभा राहत नाही, नुसता तपशील येतोय, असं झालं की डोळा थेट शेवटच्या वाक्यावर टाकायला हरकत नाही. यात कसलीही चोरी नाही.

रचना ओळखल्याने खरंच फायदा होतो का? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बॉनी मेयर यांनी १९७०च्या दशकापासून याच प्रश्नाचा अभ्यास केला. माहितीपर मजकुराच्या त्यांनी पाच मूळ रचना मानल्या: वर्णन, क्रम, कार्यकारण, समस्या-उपाय आणि तुलना. नववीच्या विद्यार्थ्यांवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८०मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकाने वापरलेली रचना पकडून जी मुलं वाचलेलं पुन्हा लिहीत होती, त्यांच्या जास्त लक्षात राहिलं. वाचलेल्याची सुटी सुटी यादी करणाऱ्यांच्या कमी लक्षात राहिलं. यात नवल नाही. एका गोष्टीचं दुसरीशी नातं कळलं की एक आठवल्यावर दुसरी पाठोपाठ येते.

आपल्याकडच्या दहावीच्या कृतिपत्रिकेत याचं साधन आधीच आहे, ते फक्त या नजरेने पाहिलं जात नाही. ‘ओघतक्ता पूर्ण करा’ ही कृती क्रम किंवा प्रक्रिया असलेल्या उताऱ्यावरच बेतता येते. ‘फरक लिहा’ म्हणजे तुलना, ‘कारणे शोधा’ म्हणजे कार्यकारण, मधल्या चौकटीतून चार बाण निघणारी आकृती म्हणजे वर्गीकरण किंवा वैशिष्ट्यं. मुलं आधी आकृती बघतात आणि मग ती भरायला उताऱ्यात शब्द शोधत फिरतात. हे उलटं करून बघा. कृती झाकून ठेवा, फक्त उतारा वाचा आणि मुलाला विचारा, ‘या परिच्छेदावर तू कोणती आकृती काढशील?’ ते मूल ओघतक्ता म्हणालं, तर पुढचा प्रश्न: ‘कोणत्या वाक्यावरून?’ हे दुसरं उत्तर जास्त महत्त्वाचं आहे. घरी मराठी वाचायला शिकणाऱ्या परदेशातल्या मुलांसोबतही हे करता येतं. त्यांना अनोळखी शब्द बरेच अडतात, आणि रचना हाती असली की अडलेल्या शब्दाचा अर्थ कुठल्या बाजूला शोधायचा ते समजतं.

एका परिच्छेदात दोन रचना मिसळलेल्या असणं अगदी सर्रास आहे. ‘सह्याद्री ओलांडून पूर्वेला उतरू लागलं की पाऊस झपाट्याने कमी होतो’ या वाक्यात ‘पश्चिमेकडून पूर्वेकडे’ हा जागेचा क्रम आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, ही तुलना त्यात येणारच. आणि ढग घाट चढताना रिते होतात, मग पलीकडे कोरडी हवा खाली उतरते, हे कारणही सांगावं लागेल. अशा वेळी मुख्य रचना कोणती? विषयवाक्याचं क्रियापद बघायचं: ‘कमी होतो’. कसा आणि कुठे कमी होतो, हे परिच्छेदाचं काम. आकडे आणि कारणं त्याच्या मदतीला आली आहेत. हेच वाक्य ‘माणदेश कोरडा राहतो त्याला सह्याद्री जबाबदार आहे’ असं असतं, तर कारणाला पुढचा मान मिळाला असता.

राहता राहिला तो परिच्छेद ज्यात विषयवाक्यच नाही. तिथे ते आपण लिहायचं, पेन्सिलीने, समासात. समजा मजकूर असा आहे: भूकंपानंतर कोयना धरणाच्या भिंतीतल्या तड्यांमध्ये इपॉक्सी हे घट्ट चिकटणारं रसायन भरलं, काही भाग पोलादी केबलींनी ताणून बांधले, जलाशयाच्या विरुद्ध बाजूने काँक्रीटचे आधार दिले. एक जण समासात लिहील, ‘कोयना धरणाला भूकंपात तडे गेले.’ दुसरी लिहील, ‘तडे गेलेलं कोयना धरण निरनिराळ्या उपायांनी बळकट करण्यात आलं.’ पहिल्या वाक्यातली माहिती खरी आहे, पण इपॉक्सी, केबली आणि आधार तिन्ही त्याच्या बाहेर पडतात. दुसऱ्या वाक्यात तिघांनाही जागा आहे, आणि ‘उपायांनी’ या शब्दात रचनाही आली. समासात ठेवायचं ते दुसरं.